कडेवरचं आणि पोटातलं

लेखमाला : पाठचं भावंड – भाग चौथा

गेल्या भागात दोन बाळंतपणांमधल्या अंतराचा विषय झाला. एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हेही आपण पाहिलं. पण जिला पाचवा महिना लागलाय आणि थोरलं अजून दीड वर्षाचंही नाही, तिला हा सल्ला आता काय कामाचा? तिला पुढचे चार महिने एक कडेवर आणि एक पोटात घेऊनच काढायचे आहेत. आजचा भाग तिच्यासाठी, आणि तिच्याइतकाच तिच्या घरातल्यांसाठी.

घरात तयारी चालते ती येणाऱ्या बाळाची. दुपटी, झबली, पाळणा, दवाखान्याची पिशवी. थोरल्याच्या बाजूने पाहिलं तर मात्र गोष्ट केव्हाच सुरू झालेली असते. बाळ अजून दिसलेलंही नसतं, पण थोरल्याच्या हातून एकेक गोष्ट निसटायला लागते. आधी अंगावरचं दूध, मग आईची कड, मग तिच्या शेजारची झोपायची जागा. आणि दरवेळी कारण एकच सांगितलं जातं : 'आता बाळ येणार ना!' ज्याला त्याने पाहिलंही नाही, त्याच्याशी त्याचं वैर घरच्यांनीच लावून दिलेलं असतं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की जे बदलावं लागणार आहे ते लवकर सुरू करा, सावकाश करा, आणि त्याची पावती बाळाच्या नावाने फाडू नका.

दुधापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. दिवस राहिलेल्या आईचं दूध बाधतं, त्याने जुलाब लागतात, पोटातल्याचं पोषण कडेवरचं ओढून घेतं, हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. निरोगी गरोदरपणात अंगावर पाजत राहायला हरकत नसते. चोखण्यामुळे ऑक्सिटोसिन स्रवतं आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावतं हे खरं, पण शेवटच्या आठवड्यांपर्यंत गर्भाशय त्याला फारशी दाद देत नाही. आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल, मधे रक्तस्राव झाला असेल किंवा जुळं असेल, तर डॉक्टर थांबायला सांगू शकतात. अशा वेळी त्यांचंच ऐकायचं, शेजारणीचं नाही.

दूध बाधत नाही, पण बदलतं. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमाराला ते कमी होऊ लागतं, त्यातली साखर उतरते, खारटपणा वाढतो आणि पुढे त्याचा चीक होतो. काही मुलं या चवीलाच कंटाळून आपणहून सोडतात. काही सोडत नाहीत, तरी बिघडत नाही. थोरलं प्यायलं म्हणून धाकट्याचा चीक संपून जात नाही. बाळंतपणानंतर आधी तान्ह्याला घ्यायचं, एवढं पाळलं की झालं.

खरी काळजी करायची ती थोरलं वर्षाच्या आतलं असेल तेव्हा. त्या वयात दूध हेच मुख्य अन्न असतं आणि ते नकळत आटलेलं असतं. मूल छातीशी दिसतं, पोटात मात्र फारसं जात नाही. दर महिन्याला वजन करून तक्त्यावर रेघ वर जातेय ना ते पाहा, आणि जात नसेल तर वरच्या दुधाबद्दल डॉक्टरांना विचारा.

वर्षावरच्या मुलाचं दूध तुटलं, तर त्या जागी ताटात काय आलं, यावर पुढचं सगळं ठरतं. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर १९३० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. पाय सुजलेली, कातडी सोलवटलेली, केस तांबूस झालेली एक ते चार वर्षांची मुलं त्यांच्याकडे येत. विल्यम्सबाईंनी १९३३ साली त्यांच्यावर लिहिलं. पाठचं भावंड आलं की थोरल्याचं अंगावरचं दूध बंद व्हायचं आणि मक्याच्या पेजेवर त्याचा निभाव लावला जायचा. हाच आजार पुढे क्वाशिऑरकॉर म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत आला. आपल्याकडे मक्याच्या पेजेची जागा चहा-बिस्किटाने घेतली आहे. दूध तुटलेल्या पोराला सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, दुपारी वरणाचं पाणी, संध्याकाळी पुन्हा बिस्कीट. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. घट्ट वरण, भात, वर तूप, अंडं, शेंगदाण्याचा कूट, दही, नाचणीची खीर हे रोजच्या रोज हवं. गाई-म्हशीचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. बाटलीभर दूध पिऊन जेवायला नाही म्हणणाऱ्या मुलांमध्ये मला रक्त कमी असल्याचंच जास्त दिसतं.

आणि दूध तोडायची आपली रीत! कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, नाहीतर कोरफडीचा गर. तेही जमलं नाही तर पोराला चार दिवस आजोळी धाडायचं. परत येतं तेव्हा दूधही नाही आणि आईचं पोट तेवढं पुढे आलेलं. याहून निर्दय वेळ निवडता येणार नाही. तोडायचंच असेल तर दिवसाची एक वेळ आधी बंद करा, आठवड्याने दुसरी, रात्रीची सगळ्यात शेवटी. ती रात्रीची वेळ सुटावी म्हणून झोपवायचं काम बाबाने घ्यायचं. पहिल्या दोन-चार रात्री पोर रडतं, बाबा घामाघूम होतो, आणि मग दोघांची आपली एक वेगळीच तऱ्हा बसते. पुढे बाळंतपणात याचाच मोठा आधार होतो.

आता कडेचं. दोन वर्षांचं मूल साधारण १२ किलोंचं असतं. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैलावतात, पोटामुळे शरीराचा तोल पुढे झुकतो, म्हणून पाठ आणि माकडहाड दुखतं. सगळं सुरळीत असेल तर थोरल्याला उचलायला सरसकट बंदी नसते. उचलण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. विहिरीवरून भरली घागर उचलणारी बाई कंबरेत वाकत नाही, गुडघ्यात बसते, घागर अंगालगत आणते आणि मग उठते. तसंच. एकाच कडेवर तासभर नको. त्याहून बरं म्हणजे पलंगाजवळ, बेसिनजवळ एक बुटका पाट किंवा स्टूल ठेवून त्याला स्वतःहून चढायला शिकवणं. चालून चढलेल्या जिन्याचं मुलाला कौतुकच वाटतं, कडेवरून उतरवलेल्याचं दुःख होतं. आणि घेता आलं नाही तर 'पोटात बाळ आहे म्हणून नाही' असं सांगू नका. 'पाठ दुखतेय रे, मी खाली बसते, तू मांडीवर ये,' म्हणा. कारण खरंच आहे, शिवाय त्यात मुलाला जागाही मिळते.

मुलाचं उष्टं खाणं हा आईचा अर्धा आहार असतो. वाटीत उरलेला मऊ भात, अर्धं चाटलेलं केळं, टाकवत नाही म्हणून तोंडात जातं. याला दोन कारणांसाठी आवर घालायचा. एक, लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू पसरतो. आईला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण पोटातल्या बाळाच्या कानांवर आणि मेंदूवर तो परिणाम करू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, तरी तो पुन्हा होऊ शकतो. घाबरून मुलाला दूर लोटायची गरज नाही. लंगोट किंवा डायपर बदलल्यावर, शेंबूड पुसल्यावर साबणाने हात धुवा. चमचा, पेला वेगळा ठेवा. पापी गालाच्या वर, डोक्यावर घ्या. दुसरं कारण साधं आहे, उष्ट्यावर तिचं जेवण होत नाही. गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. अंगणवाडीत आई आणि मूल, दोघांचीही नावं नोंदवलेली असतात आणि दोघांच्या वाट्याचा शिधा घरी येतो. तो सगळा घरच्या एकाच डब्यात पडतो आणि सगळ्यांच्या नाश्त्याला जातो, हे अंगणवाडीताईही जाणतात.

रक्तक्षयावरून लोहाच्या गोळ्यांवर यायला हवं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला मिळणारी गोळी लाल, गुळगुळीत, वरून साखरेचा लेप असलेली. तिने ती रोज घ्यायलाच हवी, जेवणाला आणि चहाला जरा लांब ठेवून. पण जमिनीपासून अडीच फुटांवरून जग बघणाऱ्या पोराला ती गोळी कशी दिसते, याचा विचार करा. चॉकलेटची गोळीच. आई रोज एक तोंडात टाकते, म्हणजे चांगलीच असणार. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. १२ किलोंच्या मुलाने चार-पाच खाल्ल्या तर उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात, दहा-बारा गेल्या तर जिवावर बेतू शकतं. फसवी गोष्ट ही, की सुरुवातीच्या उलट्यांनंतर काही तास मूल बरं वाटतं, खेळायलाही लागतं, घरचे निश्चिंत होतात आणि मग ते एकदम खालावतं. म्हणून 'बघू सकाळपर्यंत' असं करायचं नाही. रिकामी स्ट्रिप हातात घ्यायची आणि थेट दवाखाना गाठायचा. मीठ-पाणी पाजून घरी ओकाऱ्या काढायच्या नाहीत. गोळ्यांची जागा उशाखाली नाही, फ्रिजवर नाही, पर्समध्ये तर मुळीच नाही. कडी लागणाऱ्या, उंचावरच्या कपाटातच त्या ठेवायच्या. आणि घेताना मुलाची पाठ असेल असं बघायचं.

आणखी एक नेहमीचा प्रश्न : आई गरोदर असताना थोरल्याची लस द्यायची का? द्यायची. १६ ते २४ महिन्यांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर त्याच वेळेला येतात, ते पुढे ढकलू नका. मुलाला दिलेल्या या लशींमुळे गरोदर आईला धोका नसतो. उलट घरात गोवर न आलेलाच बरा.

सांगायचं केव्हा, हा प्रश्न आया फार मनावर घेतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला 'नोव्हेंबर' कळत नाही, 'गणपती येऊन गेले की' हे थोडंफार कळतं. पोट डोळ्यांना दिसायला लागलं की सांगा, त्याआधीपासून रोज सांगून काही साधत नाही. सांगताना 'तुला खेळायला बाळ' असं आमिष दाखवू नका. येणारं ते खेळणार नाही, नुसतं रडणार आणि झोपणार, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही खोटे ठराल. त्याच्याकडून 'आत काय आहे, भाऊ की बहीण' हे वदवून घ्यायची हौसही आवरा. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्याची पाटी असते, पोराच्या तोंडावर कोण पाटी लावणार! आणि चुकून त्याने 'दीदी' म्हटलं, की आजीचा उतरलेला चेहरा तेही बघतं.

जुडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजमधल्या ४० कुटुंबांच्या घरी जाऊन, दुसरं मूल होण्याआधी आणि झाल्यावर, काय घडतं ते पाहिलं. १९८२ साली त्यांचं पुस्तक आलं. बाळ आल्यावर आईचं थोरल्याशी खेळणं कमी आणि त्याला रागावणं जास्त होतं, हे त्यांना दिसलं. त्यात नवल नाही. पण ज्या आया पहिल्या आठवड्यांपासून तान्ह्याबद्दल थोरल्याशी बोलत होत्या, 'का रडत असेल गं ते? भूक लागली असेल का?' असं विचारत होत्या, त्या घरांत वर्षभरानंतरही भावंडांची गट्टी जास्त होती. यासाठी काही खर्च लागत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा व्होलिंग यांनी २४१ कुटुंबं वर्षभर पाहिली, त्यांतही बहुतेक मुलं फारसं मोठं वादळ न होता रुळली. म्हणजे थोरल्याने पुन्हा चड्डीत शू केली, बाटली मागितली, बोबडं बोलायला लागलं, तर आकाश कोसळलेलं नाही. शीचं-शूचं शिकवणं बाळंतपणाच्या दोन महिने आधी तरी उरका, नाहीतर सरळ नंतरवर टाका. झोपायची जागा बदलायची तर तीही आत्ताच, बाबाच्या किंवा आजीच्या कुशीत, आईच्या नजरेसमोर.

पाहुण्यांचं मात्र काही करता येईल का, मला शंका आहे. 'आता तुझे लाड बंद', 'आई आता बाळाची' असं म्हणून खदखदून हसणारी माणसं प्रत्येक घरात असतात. मुलाला त्यातलं हसू कळत नाही, वाक्य कळतं. मी तर सांगते, तिथल्या तिथे आणि मुलासमोरच, 'नाही हो काका, आई दोघांची' असं म्हणा. काकांना वाईट वाटलं तर वाटू दे.

बाळंतपणाच्या दिवसांचं आत्ताच ठरवा. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, अशी आपल्याकडे बऱ्याच घरांत रीत. त्यामुळे दुसऱ्या खेपेला हाताशी माणसं कमी आणि सांभाळायला एक जादा. थोरलं कोणाकडे झोपणार, त्या माणसाकडे आधी दोन-चार रात्री झोपवून बघा. नोकरीवालीने रजेचा हिशेब मांडावा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार दुसऱ्या बाळंतपणालाही २६ आठवडे मिळतात आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. मातृवंदना योजनेत दुसऱ्या खेपेचे ६००० रुपये मुलगी झाली तरच आहेत, तेव्हा त्यावर आधीपासून विसंबू नका.

दवाखान्यात पहिल्या भेटीला थोरलं येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू द्या, आईच्या हातात नको. आधी आईला थोरल्याला जवळ घेऊ द्या. सिझेरियन झालं असेल तर सहाएक आठवडे जड उचलायचं नसतं, म्हणून त्याला पलंगावर कोणीतरी बसवून द्यावं, टाक्यांवर एक उशी ठेवावी आणि त्याला आईच्या कुशीत शिरू द्यावं. 'आईला बाऊ झालाय, लांब हो' म्हणून बाळंतिणीच्या खोलीचं दार त्याच्यासाठी लावून घेतात, ते लावू नका. त्या खोलीतल्या सव्वा महिन्याबद्दल, शेक-शेगडीपासून बारशाच्या गर्दीपर्यंत, पुढच्या आठवड्यात.