हार्ड डिस्क पुसणे व संगणक विषाणू

विषाणूबाधित संगणक शुद्ध करण्यासाठी हार्ड डिस्कवरील सर्व मजकूर पुसून प्रचालन प्रणाली नव्याने बसविण्याची पद्धत रूढ आहे. विषाणू ही एक आज्ञावलीच असल्याने ती जेथे नोंदलेली असते ती जागा पुन्हा लिहिली गेली, की विषाणू नाहीसा होतो. बहुसंख्य विषाणूंच्या बाबतीत हा उपाय पुरेसा ठरतो. मात्र एखाद्या विभागाचे केवळ फॉरमॅट केल्याने डिस्कच्या अगदी आरंभीचे बूट क्षेत्र बदलत नाही. फ्लॉपीद्वारे पसरणारा ‘स्टोन्ड’ (१९८७) हा विषाणू तेथेच ठाण मांडून बसे. संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिल्यास तोही जातो.

खरी अडचण पुसण्यानंतर उद्भवते. वऱ्हाडात अमरावती-अकोल्याकडे हंगामानंतर पऱ्हाटी उपटून शेत मोकळे केले, तरी साठविलेल्या सरकीत सुप्त राहिलेली शेंदरी बोंडअळी पुढील पिकावर पुन्हा येऊ शकते. पेन ड्राइव्हमधील बाधित फाइलींचेही तसेच आहे. जाळ्यातून शिरणारा विषाणू तर, मूळ त्रुटी दुरुस्त केलेली नसल्यास, नव्या प्रणालीतही शिरतो.

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’मुळे मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. या कंपनीने जगभरातील सु. ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणकांवर सुमारे दहा दिवसांत प्रणाली नव्याने बसविल्या. तथापि जाळ्यातील वापरकर्ते व यंत्रे यांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरची एकमेव अबाधित प्रत घानातील कार्यालयात मिळाली. वीज गेल्यामुळे तेथील यंत्र त्या वेळी जाळ्याबाहेर होते. अशी प्रत नसती, तर निर्जंतुक पण रिकामे संगणकच हाती उरले असते. घरगुती छायाचित्रे वा दुकानाचे हिशेब यांनाही हेच लागू पडते. खंडणीखोर विषाणूने कूटबद्ध केलेल्या फाइली तर लगेच पुसूच नयेत. काही प्रकारांची किल्ली कालांतराने उपलब्ध झालेली आहे.

डिस्कबाहेर राहणारे विषाणू विरळा. हार्ड डिस्कच्या स्वतःच्या नियंत्रक आज्ञावलीत बदल करणारी साधने २०१५ मध्ये, तर मदरबोर्डवरील चिपमध्ये राहणारा ‘लोजॅक्स’ २०१८ मध्ये उघडकीस आला. लोजॅक्स डिस्क बदलल्यावरही टिकतो. त्यासाठी चिपमधील आज्ञावलीच पुन्हा लिहावी लागते.