एक पाटी, सहा बिऱ्हाडे

तुमच्या घरी किंवा शाळेच्या वाचनालयात एखादा जाडजूड इंग्रजी शब्दकोश असेल, तर आज तो खाली काढा आणि एक छोटासा शब्द शोधा. अक्षरे चारच : एम, ओ, एल, ई. उच्चार ‘मोल’. हा शब्द कोशात एकदाच सापडेल अशी तुमची समजूत असेल, तर तुम्हाला आश्चर्याचा धक्का बसेल. तो ओळीने अनेकदा छापलेला दिसेल आणि प्रत्येक वेळी त्याच्या खांद्यावर बारीकसा आकडा असेल : १, २, ३, ४...

हा आकडा कशासाठी असतो? वाड्याच्या दारावर एकच पाटी असावी आणि आत मात्र वेगवेगळ्या गावांहून आलेली बिऱ्हाडे राहत असावीत, तसा हा प्रकार आहे. एकाच शब्दाचे अर्थ कालांतराने बदलत गेले, तर कोशकार ते एकाच नोंदीत अ, ब, क करून देतात. पण मुळात निराळे असलेले शब्द केवळ योगायोगाने सारख्या स्पेलिंगचे झाले असतील, तर त्यांना तो स्वतंत्र क्रमांक देतो. कोश वाचण्याची ही पहिली खूण आहे. शाळेत ती फारशी कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता एकेका बिऱ्हाडाची ओळख करून घेऊ.

पहिला मोल म्हणजे कातडीवरचा तीळ. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला. तिथे ‘माल’ म्हणजे डाग, विशेषतः कापडावरचा डाग. आपण त्वचेवरच्या ठिपक्याला तीळ म्हणतो ते तिळाच्या दाण्याशी असलेल्या साम्यामुळे. इंग्रजांना तो डाग वाटला. इथे तुमच्यापैकी एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, “सर, संस्कृतातला ‘मल’ हाच नसेल ना?” शंका चांगली आहे. पण उच्चार जुळला, अर्थही थोडा जुळला, म्हणून नाते सिद्ध होत नाही. इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजे वाईट. फारसीत ‘बद’ म्हणजेही वाईट. आपल्या ‘बदनाम’मधला ‘बद’ तोच. ध्वनी जवळपास एक, अर्थ तर अगदी एक, आणि तरीही भाषाशास्त्रज्ञ सांगतात की या दोन शब्दांचा काडीचाही संबंध नाही. दोन भाषांतल्या शेकडो शब्दांत तोच ध्वनिबदल नियमाने आढळला, तरच नाते मान्य होते. एका निरीक्षणावरून नियम सांगता येत नाही, हे प्रयोगवहीत आपण शिकतो. तोच दंडक इथेही लागू आहे.

दुसरे बिऱ्हाड एका प्राण्याचे. युरोपातल्या बागांत आणि कुरणांत जमिनीखाली बोगदे खणत राहणारा हा सस्तन प्राणी जेमतेम तळहाताएवढा असतो. अंगावर मखमलीसारखी काळी लव, डोळे खसखशीएवढे, आणि पुढचे पाय फावड्यासारखे रुंद. त्याच्या पंजाला पाच बोटांशेजारी मनगटाच्या हाडापासून तयार झालेला एक जादा ‘अंगठा’ही असतो. माती ओढायला तो उपयोगी पडतो. इंग्रजीत याचे जुने नाव ‘मोल्डवार्प’. त्यातल्या ‘मोल्ड’चा अर्थ माती आणि ‘वार्प’चा अर्थ फेकणे. माती फेकणारा! त्याने बाहेर टाकलेल्या मातीचे ढीग ज्याने पाहिले, त्यानेच हे नाव ठेवले असणार. या लांबलचक नावाचा पहिला तुकडा तेवढा राहून ‘मोल’ झाला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात.

इंग्रजी-मराठी कोशांत या प्राण्याला पुष्कळदा ‘चिचुंद्री’ म्हटलेले असते. ते बरोबर नाही. आपल्या मोरीत रात्री ‘चिक् चिक्’ करत फिरणारी, उग्र वासाची चिचुंद्री ही त्याची लांबची नातेवाईक आहे. पण ती बोगदे खणत नाही आणि तिचे पाय फावड्यासारखे नसतात. खरा मोल महाराष्ट्रात आढळतच नाही. भारतात तो भेटतो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे. जो प्राणी आपल्या अंगणात नाही त्याला आपल्या भाषेत घरगुती नाव नसावे, हे स्वाभाविकच आहे.

याच बिऱ्हाडात एक पोटभाडेकरूही राहतो. वर्तमानपत्रात ‘मोल’ हा शब्द शत्रूच्या गुप्तहेर खात्यात शिरून वर्षानुवर्षे मुकाट राहिलेल्या हेरासाठी वापरतात. हा काही नवा शब्द नव्हे. जमिनीखाली दिसेनासा होऊन पोखरत राहणारा प्राणी तोच. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याने १६२२ मध्ये छापलेल्या सातव्या हेन्री राजाच्या चरित्रात, राजाविरुद्ध गुपचूप कारस्थाने करणाऱ्यांना मोलची उपमा दिली होती. पण हेर या अर्थी शब्द घरोघर पोचवला तो कादंबरीकार जॉन ल कॅरे याने, १९७४ च्या आपल्या एका हेरकथेतून. म्हणून कोशात हेराला वेगळा क्रमांक नसतो. तो प्राण्याच्याच नोंदीत सापडतो.

तिसऱ्या बिऱ्हाडासाठी समुद्रावर जाऊ. बंदराला लाटांचा मार लागू नये म्हणून पाण्यात मोठमोठे दगड टाकून लांबच लांब बांध घालतात. त्यालाही इंग्रजीत मोल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या मे महिन्याच्या अखेरीस, फ्रान्समधल्या डंकर्क येथे दोस्त सैन्य जर्मनांच्या वेढ्यात सापडले. तेथल्या पूर्वेकडच्या मोलवर लाकडी खांबांच्या आधाराने केलेली एक अरुंद वाट होती. जहाजे लागावीत म्हणून ती बांधलेलीच नव्हती. तरीही जहाजे तिला लागली. एकूण सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक सुटले आणि त्यांतले दोन-तृतीयांशाहून अधिक किनाऱ्यावरच्या वाळूतून नव्हे, तर बंदरातून, मुख्यतः या मोलवरून बाहेर पडले.

हा मोल आला लॅटिनमधून. तिथे ‘मोलेस’ म्हणजे प्रचंड ढीग, वजनदार वस्तुमान. आणि इथेच आपली खरी गोष्ट सुरू होते. कारण या दगडी बांधाचा सख्खा भाऊबंद तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात दडून बसला आहे.

सतराव्या शतकात पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणासाठी विद्वानांना शब्द हवा होता. त्यांनी ‘मोलेस’ला लघुत्वाचा प्रत्यय लावला. जसे आपण घागरीचे घागरुले करतो, तसे मोलेसचे झाले ‘मॉलेक्यूल’, म्हणजे इवलासा ढीग. आपण याच कणाला ‘रेणू’ म्हणतो. संस्कृतात रेणू म्हणजे धुळीचा कण. गंमत पाहा! वस्तू तीच, पण युरोपियनांनी ढिगाकडून खाली येत तिला नाव दिले आणि आपण सरळ धुळीतून उचलले. माझे मत विचाराल तर आपले नाव अधिक नेटके आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड याने ‘मॉलेक्यूल’चा आखडून ‘मोल’ केला. पदार्थाच्या रेणुभाराइतके ग्रॅम म्हणजे त्या पदार्थाचा १ मोल. पाण्याचा रेणुभार १८, तेव्हा १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल पाणी. पण ज्याने रेणूवरून हा शब्द घडवला, त्या ओस्टवाल्डचा त्या काळी अणुरेणूंच्या अस्तित्वावर विश्वासच नव्हता! अणू ही हिशेबाची सोय आहे, प्रत्यक्ष वस्तू नव्हे, असे तो म्हणे. त्याच्या लेखी मोल म्हणजे तराजूत टाकायचे एक वजन होते, कणांची संख्या नव्हे.

मग फ्रान्समध्ये झाँ पेरँ याने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची थरथर मोजून रेणू खरोखरच असतात हे दाखवले आणि १ मोलमध्ये ते किती असतात याचा हिशेबही काढला. १९०९ मध्ये त्याने या संख्येला इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगाड्रोचे नाव द्यावे असे सुचवले. खुद्द ॲव्होगाड्रो १८५६ मध्येच वारला होता. समान तापमानाला व दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे त्याने १८११ मध्ये सांगितले. ती संख्या किती, हे त्याला कधीच कळले नाही. ओस्टवाल्डनेही याच सुमारास आपला हट्ट सोडला आणि अणू मान्य केले.

ही संख्या आहे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. म्हणजे ६ लिहून त्यावर २३ शून्ये द्या, आणि तरी थोडे उरतेच! ६ वर २३ शून्ये लिहिणे सोपे, कल्पना करणे अवघड. १ ग्रॅम तांदळात साधारण ५० दाणे धरा. तर १ मोल दाणे पिकवायला साऱ्या जगाला, आज दर वर्षी पिकतो तेवढा सुमारे ५० कोटी टन तांदूळ पिकवत, जवळजवळ अडीच कोटी वर्षे शेती करावी लागेल. पण १ मोल पाण्याचे रेणू? साडेतीन चमचे पाणी प्या, झाले! रेणू किती लहान असतात, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी पाहतो की मोल म्हटले की मुले दचकतात. डझनाला कोणी दचकत नाही. १२ म्हणजे डझन, २० म्हणजे कोडी, १४४ म्हणजे ग्रोस, तसा ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात म्हणजे मोल. डझनभर केळी आणि डझनभर लिंबे यांचे वजन वेगळे, पण नग तेवढेच. तसेच १२ ग्रॅम कार्बन, ५६ ग्रॅम लोखंड आणि १९७ ग्रॅम सोने यांत अणू सारखेच. मात्र डझन कशाचे, ते सांगावे लागते. ‘१ मोल हायड्रोजन’ असे मोघम लिहू नका. १ मोल हायड्रोजनचे अणू १ ग्रॅम भरतात, १ मोल रेणू २ ग्रॅम. परीक्षेतले निम्मे गुण या एका चुकीपायी जातात. आणि हो, मराठीतला ‘मोल’ अगदीच निराळा. तो संस्कृत ‘मूल्य’पासून आला, मोलमजुरी आणि अनमोल यांतला तो. आपल्या रसायनाच्या पुस्तकात देवनागरीतही ही दुसरी पाटी लागली, ती अशी.

१९७१ मध्ये मोलला आंतरराष्ट्रीय पद्धतीत सातव्या मूलभूत एककाचा मान मिळाला. तेव्हाची व्याख्या अशी होती : १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जेवढे अणू, तेवढे कण. म्हणजे संख्या होती, पण ती वजनाच्या आधाराने उभी होती. ती अचूक मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी शुद्ध सिलिकॉन-२८ चा, १ किलोग्रॅमचा, जवळपास परिपूर्ण गोल तयार केला. त्याचा व्यास सुमारे ९.४ सेंटिमीटर. सिलिकॉनच्या स्फटिकात एकसारख्या घनाकृती खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीच्या वाट्याला ८ अणू येतात. क्ष-किरणांनी खोलीची बाजू मोजायची, गोलाच्या घनफळाला खोलीच्या घनफळाने भागायचे आणि ८ ने गुणायचे. इमारतीत शिरून एकेक माणूस न मोजता शिरगणती करण्यासारखेच हे! अखेर २० मे २०१९ पासून नवी व्याख्या लागू झाली. आता १ मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. त्यात ग्रॅम नाही आणि कार्बनही नाही. ज्या शब्दाच्या मुळाशीच ‘वजनदार ढीग’ होता, त्याच्या व्याख्येत आता वजनाचे नावही उरलेले नाही.

राहिले शेवटचे बिऱ्हाड, ते मेक्सिकोहून आले आहे. स्पेलिंग तेच, पण उच्चार ‘मोले’. मिरच्या, मसाले आणि कधी कधी कोकोही घालून केलेले हे दाट कालवण. तेथल्या मूळ नाहुआत्ल भाषेत ‘मोल्ली’ म्हणजे कालवण किंवा चटणी. ॲव्होकाडो या फळाची ‘ग्वाकामोले’ नावाची चटणी आता आपल्याकडच्या उपाहारगृहांतही मिळते. तिच्या शेपटीला हाच ‘मोले’ आहे. ॲव्होकाडो आणि ॲव्होगाड्रो यांचे मात्र काही नाते नाही, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत २३ ऑक्टोबरला ‘मोल दिवस’ साजरा होतो. तारीख १०/२३, आणि वेळ सकाळी ६ वाजून २ मिनिटे. भिंतीवर चित्र मात्र असते त्या माती फेकणाऱ्या प्राण्याचे!

आता तुमच्यासाठी एक काम. इंग्रजी ‘मोलर’ म्हणजे दाढ आणि ‘मोलर द्रावण’मधला मोलर, हे एकाच घराण्यातले की वेगळे? लॅटिनमध्ये जात्याला ‘मोला’ म्हणतात, एवढी एक खूण सांगून ठेवतो. दुसरा शब्द ‘पोल’. तंबूचा पोल आणि चुंबकाचा पोल यांच्या खांद्यावर कोणते आकडे आहेत, ते कोशात पाहा. तेवढ्यात ग्रंथपालांनी दिवे मालवायला सुरुवात केली, तर उरलेले उद्या.