इंग्रजीच्या बाईंनी पुढे का शिकावं?

गटाच्या बैठकीत आम्हाला हा प्रश्न हमखास ऐकू येतो : "सून बी.ए., बी.एड. आहे, शाळेत इंग्रजी शिकवते. आता एम.ए.ला पैसे कशाला घालायचे?"

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी पुष्कळ मुलं उत्तरं घोकतात, पण मनातली दोन वाक्यं बोलताना अडतात. एम.ए.ला साहित्याबरोबर भाषेचाही अभ्यास असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. असे फरक बाईंना नीट उमगले, की मूल नेमकं कुठे अडतं ते कळतं. कविताही मग नुसती पाठ करायची राहत नाही, तिच्यावर वर्गात बोलता येतं.

यासाठी घर सोडायला नको. इग्नूमधून कोणत्याही शाखेच्या पदवीवर इंग्रजीचं एम.ए. करता येतं. किमान दोन वर्षं लागतात. स्वाध्याय मात्र वेळेत लिहून द्यावे लागतात. बी.एड.च्या जोडीला एम.ए. असेल, तर अकरावी-बारावीच्या जागांसाठी अर्ज करता येतो. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के गुण आणि सेट किंवा नेट लागते.

गट शेळीसाठी कर्ज देतो, तसं शिक्षणासाठीही देऊ शकतो. पण पुढच्या नोकरीच्या भरवशावर हप्ता ठरवू नका. आजच्या कमाईतून फिटेल एवढाच ठेवा. आणि परीक्षेच्या महिन्यात तिच्या वाटच्या भाकऱ्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी थापाव्यात. फी भरूनही अभ्यास सुटतो, तो बहुतेकदा चुलीपाशीच.