‘तसा जीआर आहे’... मग दाखवता का जरा?

कॉलेजच्या ऑफिसची खिडकी असो, तहसीलमधली रांग असो नाहीतर स्कॉलरशिपचं टेबल, एका वाक्यावर भल्याभल्यांची बोलती बंद होते : ‘तसा नियम आहे.’ त्याचीच भारदस्त आवृत्ती म्हणजे ‘वरून जीआर आलाय’. समोरचा इतक्या खात्रीने सांगतोय म्हटल्यावर आपण मान डोलावतो आणि मागे फिरतो. हा नियम कुणी केला, कधी केला, कुठे छापलाय आणि आजही लागू आहे का, हे चार प्रश्न फार कमी जण विचारतात. खरं तर ‘प्रशासकीय कायदा’ नावाचा एलएलबीचा अख्खा विषय याच चार प्रश्नांभोवती फिरतो. आणि त्यांची उत्तरं शोधायला वकील असावं लागत नाही. मोबाइल, थोडा वेळ आणि थोडी चिकाटी पुरते.

न छापलेला कायदा

नियम आपल्याला दिसला पाहिजे, हा आपला नुसता हट्ट नाही. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने ठराव करून अफूविषयीचा एक कायदा केला. तो कधी प्रसिद्धच केला नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. रक्कम छोटी होती, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ मध्ये न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. निकाल लिहिला होता नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी. मुद्दा साधा होता : लोकांना कळायची सोयच नाही असा कायदा लोकांवर लादता येत नाही. म्हणून ‘कुठे छापलाय?’ हा प्रश्न विचारताना संकोच करायचं कारण नाही.

आधी शिडी समजून घ्या

सरकारी कागद सगळे एका तोलाचे नसतात. सगळ्यात वर राज्यघटना. मग संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला अधिनियम, म्हणजे आपण ज्याला ‘कायदा’ म्हणतो तो. त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारातून सरकार नियम करतं आणि विद्यापीठ अनुदान आयोगासारख्या संस्था विनियम करतात. हे राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, अधिसूचना काढून प्रसिद्ध होतात. त्याखाली शासन निर्णय, म्हणजेच जीआर, आणि परिपत्रक.

ही उतरंड लक्षात ठेवली की अर्धं काम झालं. खालचा कागद वरच्या कागदाला छेद देऊ शकत नाही. संतराम शर्मा खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : नियम जिथे गप्प आहेत, तिथली पोकळी सरकार प्रशासकीय सूचनांनी भरू शकतं, पण वैधानिक नियमच त्या सूचनांनी बदलू शकत नाही. त्यामुळे परिपत्रक दाखवून कुणी अडवलं तर पुढचा प्रश्न : हे कुठल्या नियमाच्या आधाराने काढलंय?

शोधायचं कसं? एक उदाहरण

समजा, एका कॉलेजात प्रवेश घेतला आणि नंतर दुसरीकडे नंबर लागला. पहिलं कॉलेज म्हणतंय, ‘फी परत मिळत नाही, आणि ओरिजिनल मार्कशीट वर्षअखेरीस घेऊन जा.’ आता काय?

पहिली पायरी : या विषयाचा मालक कोण? बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी विद्यापीठ अनुदान आयोग. इंजिनीअरिंग, मेडिकल, लॉ यांच्या नियामक संस्था वेगळ्या. चुकीच्या संस्थेचा नियम घेऊन गेलात तर खिडकीवरचा माणूस दोन मिनिटांत परत पाठवेल.

दुसरी पायरी : मूळ कागद. आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतावा आणि मूळ कागदपत्रं याबद्दल अधिसूचना काढली. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. त्यानंतर टप्प्याटप्प्याने ९०, ८० आणि ५० टक्के. शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही नाही. मूळ कागदपत्रं तर ठेवून घ्यायचीच नाहीत, तपासून तिथल्या तिथे परत द्यायची.

तिसरी पायरी, आणि इथेच बरेच जण घसरतात : नंतर काही बदललंय का? २०२४-२५ या वर्षासाठी आयोगाने वेगळं धोरण जाहीर केलं होतं आणि ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं. म्हणजे फक्त २०१८चा कागद घेऊन जाणाऱ्याने स्वतःचंच नुकसान केलं असतं. आपल्या वर्षाला काय लागू आहे, ते पाहिल्याशिवाय शोध पूर्ण होत नाही.

जीआर वाचायची ट्रिक

राज्य सरकारचे जीआर शासनाच्या वेबसाइटवर विभाग, तारीख आणि शब्द टाकून शोधता येतात. केंद्राचे कायदे आणि त्याखालचे बरेच नियम ‘इंडिया कोड’वर मिळतात आणि गॅझेटही ऑनलाइन आहे. जीआरची भाषा बघून घाम फुटतो खरा, पण साचा ठरलेला असतो. सुरुवातीला ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या कागदांची यादी असते. ती सोडून पुढे पळू नका, कारण हा जीआर कशाच्या पोटातून आला ते तिथेच कळतं. मग प्रस्तावना आणि त्याखाली प्रत्यक्ष निर्णय. ‘अधिक्रमित’ हा शब्द दिसला की सावध व्हा. याचा अर्थ जुना निर्णय गेला, त्याच्या जागी हा आला. ‘शुद्धिपत्रक’ आणि ‘पूरकपत्र’ या शब्दांनीही एकदा शोधा. कधी कधी एका ओळीच्या शुद्धिपत्रकात अख्खी अट बदललेली असते.

शेवटी लांबलचक संकेतांक असतो. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांत वर्ष, महिना आणि दिवस दिसतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारा जीआर खरा की कुणाची करामत, हे पाहायचं असेल तर तो संकेतांक शासनाच्या साइटवर टाकून बघा. फॉरवर्ड करायच्या आधी एवढं केलं तरी पुष्कळ.

सापडलाच नाही तर?

तर मागायचा. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की, कार्यालयाने आपल्याकडचे नियम, सूचना आणि नियमावल्या स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आहेत. त्याच कलमानुसार, प्रशासकीय निर्णयाचा फटका ज्याला बसतो त्याला त्या निर्णयाची कारणंही द्यायची आहेत. तरी मिळालं नाही तर १० रुपयांचा अर्ज. उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. त्यामुळे गाऱ्हाणं मांडत बसू नका. ‘अमुक कारणाने माझा अर्ज नाकारला, त्यासाठी आधार घेतलेल्या नियमाची, जीआरची किंवा परिपत्रकाची प्रत द्यावी’, एवढं एक वाक्य पुरतं. गंमत म्हणजे, असा अर्ज टेबलावर गेला की कधी कधी प्रत यायच्या आधी कामच होऊन जातं.

दाखला, प्रमाणपत्र अशा कामांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. त्याखाली अधिसूचित केलेल्या सेवांना दिवसांची मुदत ठरलेली आहे. ती पाळली नाही तर अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

उशीर केलात तर

शेवटी मुंबई विमानतळाची एक गोष्ट. तिथलं रेस्टॉरंट आणि स्नॅक बार चालवायला देताना विमानतळ प्राधिकरणाने निविदेत अट घातली : नोंदणीकृत हॉटेलचालक आणि किमान ५ वर्षांचा अनुभव. कंत्राट मात्र ही अट पूर्ण न करणाऱ्याला दिलं. रमणा शेट्टी खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक असते. आजही हा निकाल ठिकठिकाणी आधाराला घेतला जातो. पण तक्रार करणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. कोर्टात यायला त्याने उशीर केला होता आणि ती अट तो स्वतःही पूर्ण करत नव्हता.

म्हणून नियम शोधताना दोन गोष्टी बघायच्याच. आपण स्वतः त्यात बसतो का, आणि अपिलाची मुदत किती आहे. दोन्ही ठीक असेल तर प्रिंट काढा, तारीख आणि कलमाखाली पेनाने रेघ मारा आणि खिडकीवर जा. आवाज चढवायची गरज नाही. ‘सर, हा नियम मी वाचलाय, तुमचा कुठला आहे?’ एवढंच विचारा. आणि उत्तर लेखी मागा.