पालकांचे कसब आणि फादरची शाळा



चितेगावच्या फाट्यावर सकाळी साडेसहाच्या सुमारास उभे राहिले म्हणजे दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. एक कारखान्यांची, पहिल्या पाळीच्या कामगारांना नेणारी. दुसरी पिवळी, मुलांना शहराकडे नेणारी. या दुसऱ्या गाडीत आपले मूल बसावे म्हणून पहिल्या गाडीतला माणूस ओव्हरटाइम करतो. त्या पिवळ्या गाड्यांपैकी काही कॅथलिक मिशनच्या शाळांकडे जातात. आमच्याकडे त्यांना ‘फादरची शाळा’ किंवा ‘सिस्टरची शाळा’ म्हणतात. तेथे शिस्त असते, इंग्रजी चांगले असते, अशी लोकांची समजूत आहे आणि ती बव्हंशी खरीही आहे.

फी भरून मोकळा होणारा पालक आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आज मला बोलावयाचे आहे ते दुसऱ्या पालकाविषयी. तो आपले कसब घेऊन शाळेच्या दारात जातो. मोडके बाक जोडतो, पंखे दुरुस्त करतो, स्नेहसंमेलनाचे कपडे शिवतो, मुलांना पेटी शिकवतो, आणि त्याचा पैसा घेत नाही. ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. ज्याने आयुष्यभर कामाचा दाम मागितला, त्याने बिनदामाच्या कामाविषयी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण माझ्या मते त्यानेच बोलले पाहिजे.

प्रथम ही कल्पना कॅथलिक शाळांत रुजली कशी, ते पाहू. मूल शाळेचे नव्हे, सरकारचेही नव्हे, ते आधी आईबापांचे, अशी या धर्मसंस्थेची जुनी शिकवण आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईबापच, शाळा त्यांना साहाय्य करणारी, असे मानले आहे. म्हणजे पालक शाळेला मदत करतो असे म्हणण्यापेक्षा शाळाच पालकाला मदत करते, असे म्हणावयास हवे. तत्त्व मोठे आहे. परंतु केवळ तत्त्वावर बाक दुरुस्त होत नाहीत. त्यामागे काही अर्थकारण असते, आणि ते अमेरिकेच्या उदाहरणावरून फार स्वच्छ दिसते.

बाल्टिमोर येथे १८८४ साली अमेरिकेतील बिशपांची परिषद भरली आणि प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहिली पाहिजे असे तीत ठरले. आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड येथून आलेले हे लोक पुष्कळसे गोदीतले हमाल, खाणीतले मजूर, गिरणीतल्या बाया. तरीही १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या शाळांतून पन्नास लाखांवर मुले शिकत होती. हे कशाच्या बळावर झाले? १९५० च्या सुमारास तेथील शंभर शिक्षकांतले नव्वद धर्मभगिनी व धर्मबंधू होते. त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले; पोटापुरते मिळाले की झाले. एवढी मोठी शाळाव्यवस्था जवळजवळ बिनपगारी बायकांच्या श्रमावर उभी होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढे व्रत घेणाऱ्या मुली कमी झाल्या. आज त्या शाळांत व्रतस्थ शिक्षक शंभरात तीनही नाहीत. संसारी शिक्षकाला संसारापुरता पगार द्यावाच लागतो. फी वाढली, हजारो शाळा बंद पडल्या, विद्यार्थी सतरा लाखांच्या आतबाहेर उरले. जी पोकळी पडली तिचा काही भाग पालकांच्या हातांनी भरून काढावयाचे ठरले.

तेथील पुष्कळ शाळांत आता रिवाजच आहे, की प्रत्येक कुटुंबाने वर्षातून अमुक इतके तास शाळेसाठी काम करावे. हिशेबनीस हिशेब पाहतो, सुतार फळ्या ठोकतो, कोणी वाचनालय सांभाळतो. आणि तास भरले नाहीत तर? कित्येक ठिकाणी त्याबद्दल पैसे भरावे लागतात. येथे माझ्यासारख्याचे कान टवकारतात. न केलेल्या सेवेबद्दल दंड असेल तर ती सेवा कसली? श्रीमंत बाप पैसे भरून सुटतो आणि गरीब बाप रविवारी झाडू मारतो.

आता आपल्याकडे वळू. मराठवाड्यात कॅथलिक मिशनचे काम वाढविले ते प्रामुख्याने फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातील आनेसी येथून आलेल्या सेंट फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाने. नागपूरची त्यांची शाळा १८७० सालची. आपल्या जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे या मिशनचे जुने ठाणे. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा काढून स्थापन झाला. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि खेड्यांत शिक्षणाची काय दैना होती हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. त्या काळात गावकुसाबाहेरच्या मुलांना अक्षर शिकविणाऱ्यांत हे परदेशी फादर होते. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी कोणाचे काही मत असो. पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलाचा हात खरा होता.

पण अमेरिकेत आणि आपल्यात एक मूलभूत फरक आहे. तेथे शाळेतला पालक हा बहुधा त्याच चर्चचा सभासद. शाळा त्याच्या जमातीची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही पुरता भरत नाही. साहजिकच आमच्या फादरच्या शाळेतले बहुसंख्य पालक हिंदू, बौद्ध, मुसलमान. त्यांना शाळेशी बांधणारा धागा धर्माचा नाही. मग तो कशाचा? मला वाटते, तो कामाचा होऊ शकतो.

वसईकडे वेगळी स्थिती आहे. तेथील कॅथलिक लोक घरात मराठी बोलणारे, शेतीवाडीचे, आणि संस्था उभारण्यात तरबेज. त्यांनी १९१८ साली स्वतःची सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बॅसिन कॅथलिक बँक. गोव्यात तर चर्चच्या जुन्या शाळांतून गावचा ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवी. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत गोव्याची इतकी माणसे कोठून आली, याचे एक उत्तर त्या ओसरीवरच्या शिकवणीत आहे. मात्र लक्षात घ्या, मेस्ताला चर्चच्या वा गावाच्या तिजोरीतून मेहनताना मिळत असे. कला होती म्हणून ती फुकट नव्हती.

बिनदामाच्या कामाला आपल्या भाषेत निरनिराळे शब्द आहेत, आणि ते एकाच अर्थाचे नाहीत. इर्जिक म्हणजे एखाद्याचे शेत पडून राहिले तर गावाने आपापली बैलजोडी घेऊन जायचे, दिवसभर राबायचे, आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे. आज त्याचे, उद्या माझे. सावड म्हणजे सरळ देवघेव. श्रमदान हा त्या मानाने नवा, सभेतला शब्द. आणि वेठ म्हणजे वेठ. वरच्याने सांगितले म्हणून खालच्याने करायचे. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठीला बंदी केली. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी ठरविली. माणसाला चाबूक दाखवावा लागत नाही, गरज पुरते. मुलाच्या प्रवेशाची गरज ही काही लहान गरज नव्हे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला ठेवून वसतिगृहातील मुलांची भाकरी चालली. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याने मूठ दिली, आणि ती संस्था ‘आपली’ झाली. ती इर्जिकीच्या जातीची गोष्ट होती. फादरच्या शाळेत पालकांनी काम करावयाचे तर ते या जातीचे व्हावे, वेठीच्या जातीचे होऊ नये, एवढीच खरी अडचण आहे. पण ती सुटते कशी, हे मला पुस्तकात सापडले नाही, चुकून शिकलो.

आमच्या भागातील अशा एका शाळेत काही वर्षांपूर्वी आम्ही पालकांचा जथा केला. पुढाकार माझा. फिटर होते, वेल्डर होते, रंगारी होते, एक परिचारिका, दोन शिवणकाम करणाऱ्या बाया. तीन रविवारांत चाळीस बाक उभे केले. कारखान्यात दिवसभर दुसऱ्याच्या मालकीचा माल घडविणारा वेल्डर येथे स्वतःच्या मुलीचा बाक जोडत होता, आणि मुलगी काचेआडून बापाच्या हातातली ठिणगी पाहत होती. सोमवारी तिने वर्गात सांगितले, ‘हा माझ्या पप्पांनी केला.’ त्या बापाला व्याख्यानांनी जो मान मिळवून देणे मला वीस वर्षांत जमले नाही, तो एका बाकाने दिला.

आमचा उत्साह वाढला. शनिवारी वर्ग आणि संडासही आपणच स्वच्छ करू, असे आम्ही ठरविले. महिन्याभराने ठेकेदाराकडे सफाईला असलेल्या मावशी युनियनच्या खोलीवर आल्या. त्यांचे दिवस सहावरून तीनवर आणले होते. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही फुकट झाडलं, अन् आमचा पगारच झाडून नेला की.’

मला उत्तर सुचले नाही. कारखान्यात फुकटचा शिकाऊ उमेदवार आणून कायम माणसाला काढले तर मी दारात बसलो असतो. आणि येथे मीच ते केले होते, पुण्यकर्म समजून. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, थकलेल्या फीची वही पुढे केली आणि म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, तुम्हीच सांगा, पैसे वाचतात ते मी कसे नाकारू?’ त्यांचेही खोटे नव्हते. तीन बैठका झाल्या. मावशींचे सहा दिवस परत मिळाले. कापलेल्या दिवसांचा पगार ठेकेदाराने अर्धाच दिला, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. ज्या कामाला पगारी माणूस आहे किंवा असावयास हवा, त्याला पालकाने हात लावायचा नाही. पालकाचे काम हे वरचे काम: जे एरवी झालेच नसते ते. काम प्रवेशाच्या वेळी विचारायचे नाही, फीच्या बदल्यात धरायचे नाही. १९८७ च्या कायद्यात देणगीशुल्काची व्याख्या रोख आणि वस्तुरूप दोन्ही धरून केली आहे. शाळेने बापाचे श्रम प्रवेशाशी जोडले तर ती त्या वाटेवर पाऊल टाकते, असे माझे मत. विजेचे, उंचीवरचे काम अवजारे आणि जबाबदारी यांचा बंदोबस्त असल्याशिवाय करायचे नाही, कारण कारखान्यात पडलेल्या कामगाराला कायद्याचा आधार आहे, रविवारी शाळेच्या शिडीवरून पडलेल्या बापाला तो सहजी मिळत नाही. मुलांजवळ एकट्या परक्या माणसाने जायचे नाही, मग तो कितीही सज्जन असो. आणि स्वयंपाक म्हटले की आयांची नावे, बैठक म्हटले की बापांची, हे चालणार नाही. या शेवटच्या नियमावर सर्वांत जास्त वाद झाला आणि अजून होतो.

येथे कायद्याचे थोडे सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे आहे. पण विनाअनुदानित शाळांना ती समिती लागू नाही, आणि अल्पसंख्याकांच्या शाळांना तो कायदाच लागू नाही, असे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले. त्या निकालाचा फेरविचार व्हावा असे त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने २०२५ साली सुचविले आहे. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपण चालविण्याचा हक्क तिसाव्या कलमाने दिला आहे आणि तो मला मान्य आहे. लहान जमातीच्या हाती तेवढे एक छत्र आहे. मात्र महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीविषयी २०११ चा जो कायदा झाला, त्यात शिक्षक-पालक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात. चिठ्ठीत वेल्डरचे नावही निघते. हातांनी काम करणाऱ्याला फीच्या बैठकीत खुर्ची नसेल, तर त्याचे कसब शाळेला स्वस्त पडते आणि त्याला महाग.

आता एक वही ठेवली आहे. तीत पालकाचे नाव, गाव, मोकळा दिवस आणि ‘काय येते’ असा एक रकाना. एका पालकाने, तो रात्रपाळीचा पहारेकरी, त्या रकान्यात ‘काही येत नाही’ असे लिहून दिले. पुढे पैठणच्या षष्ठीला त्याला गावच्या फडात भारूड म्हणताना आमच्यापैकी एकाने पाहिले. पायांत चाळ, समोर गर्दी, आणि हा माणूस अर्धा तास लोकांना हसवून रडवीत होता. सिस्टरांना सांगितले. त्यांना प्रथम संकोच वाटला, मिशनच्या शाळेत भारूड कसे? तेव्हा त्यांच्याच एका फादरांनी आठवण करून दिली, की फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण रचले ते ओवीत, आणि ते छापले १६१६ साली. तेव्हा नाथांच्या गावचा छंद या शाळेला परका नाही.

गेल्या स्नेहसंमेलनात पाचवीच्या मुलांनी भारूड केले. पहारेकरी रात्रपाळी करून थेट सरावाला येत असे. त्याला चहा आणि जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे शाळेने दिले, आणि ते वहीत लिहिले. त्याच वहीत ‘काही येत नाही’ या शब्दांवर एक आडवी रेघ आहे, आणि शेजारी पाचवीतल्या मुलीच्या अक्षरात ‘भारूड’ असे लिहिले आहे.