जुने घर उघडण्यापूर्वी

पाडवा झाला, रबीची रास घरात आली, चार पैसे हाताशी आले, की जुन्या घराला हात लावायचा विषय निघतो. आजोबांच्या हातचे माळवदाचे घर. पुढची भिंत नीट करायची, ओसरीवर फरशी टाकायची, पोराच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची. गवंडी येतो, भिंतीवर हात फिरवतो, आकडा सांगतो. कामाला सुरुवात होते आणि तिसऱ्या दिवशी तोच गवंडी म्हणतो, "मालक, जरा इकडं येऊन बघा." या एका वाक्याने कित्येक घरांचे हिशेब कोलमडले आहेत. म्हणून हे वाक्य कानी पडण्याआधीच आपण घर बघून घेतलेले बरे.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट जाड असते. कुठे कुठे त्याहूनही जास्त. एवढी जाड म्हणजे पक्की, असे आपण धरून चालतो. पण ती बहुतेक ठिकाणी एक भिंत नसतेच, पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या त्या दोन भिंती असतात. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती व दगडांचे तुकडे भरलेले. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा आरपार दगड घातलेला असेल तर भिंत एकजीव राहते. गवंडी त्याला थ्रू स्टोन म्हणतात. पण लांब दगड मिळायला कठीण आणि घडवायला महाग, म्हणून पूर्वी पुष्कळ घरांत तो घातलाच गेला नाही. वरून गिलावा आणि चुना लागला की आत काय आहे ते घरच्यांनाही कळत नाही.

पुढे काय होते ते पाहा. माळवदातून गळलेले पाणी भिंतीच्या पोटात उतरते. मधली माती भिजते, खाली बसते आणि पाचर ठोकल्यासारखी दोन्ही थरांना बाहेर ढकलते. भिंतीला पोट येते. आपण त्यावर पुन्हा गिलावा करतो आणि पोट झाकतो.

याची किंमत काय असते ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दाखवले. चार वाजायला काही मिनिटे होती. गणपती बोळवून लोक नुकते कुठे निजले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. तो भूकंप जगातल्या फार मोठ्या भूकंपांपैकी नव्हता. माणसे मारली ती दुभंगलेल्या भिंतींच्या दगडांनी आणि वरच्या मातीच्या ओझ्याने. भूकंपाची गोष्ट सोडून द्या, पण हीच भिंत एखाद्या झडीच्या पावसात, किंवा दार मोठे करायला गवंड्याने चार दगड काढले की, अशीच बसू शकते.

भिंत कशी पाहावी

गवंड्याचा ओळंबा मागून घ्या आणि भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली सोडा. भिंत आणि दोरी यांच्यातले अंतर कमीजास्त होत असेल तर पोट आले आहे. मग लाकडी हातोडीने हलकेच ठोकत जा. बद्द, पोकळ आवाज येईल तिथे थर सुटला आहे. दोन भिंती जिथे कोपऱ्यात मिळतात तिथली उभी चीर सर्वांत वाईट, कारण त्या भिंती एकमेकींना धरून नाहीत असा तिचा अर्थ होतो.

आणि घरातल्या बाईमाणसाला विचारा. दरवर्षी सारवते-पोतारते ती. कुठली भिंत श्रावणापासून दिवाळीपर्यंत ओली राहते, कुठे लोणा फुटून गिलाव्याचे पापुद्रे पडतात, कुठले दार पावसाळ्यात अडकते, हे तिला तोंडपाठ असते. कारभारी मात्र गवंड्याशी बोलताना तिला बोलवत नाही.

काळ्या रानातल्या घरांना आणखी एक खोड असते. ही जमीन भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे चीर उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. अशा चिरेत सिमेंट भरून काही साधत नाही. चिरेवर खळीने कागदाची पट्टी चिकटवून तारीख घाला. पट्टी फाटली तर भिंत अजून हलते आहे. अशा वेळी आधी न्हाणीचे सांडपाणी पायापासून दूर काढा.

पोट फार आलेले नसेल तर भिंत पाडायची गरज नाही. किल्लारीनंतर हजारो घरांच्या मजबुतीसाठी सुचवलेली रीत साधी आहे. एका बाजूचा एक दगड हलक्या हाताने सोडवायचा, मधली माती उकरून पलीकडच्या थरातलाही दगड काढायचा, त्या भोकात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. झाला आरपार दगड. आडव्या अंगाने चार फुटांवर आणि उभ्या अंगाने दोन फुटांवर असे दगड यावेत. सगळी भोके एकदम पाडू नयेत, आणि पहारीने दणके देणाऱ्या गड्याला या कामावर ठेवूच नये. पोट मोठे असेल तर मात्र तेवढा भाग टेकू लावून उतरवावा आणि पुन्हा रचावा. नवी दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. जाडीने बळ येत नाही, बांधणीने येते.

डोक्यावरचे ओझे

माळवद उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ते गळले की दर साली वर पांढरी माती चढते आणि जुनी कोणी काढत नाही. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब खोलीवर दोन फूट माती म्हणजे तीनशे घनफूट. कोरड्या मातीचे वजन घनफुटाला ४५ किलो धरले तरी साडेतेरा टन झाले. तीन टनांच्या साडेचार ट्रॉल्या तुमच्या अंथरुणावर टांगलेल्या आहेत. पावसात भिजली की वजन आणखी वाढते. माती आठ इंचांपेक्षा जास्त ठेवू नये. ती कमी करून मधे जाड प्लास्टिकचा कागद अंथरला आणि पन्हळीकडे नीट उतार दिला तर गळतीही थांबते.

हे ओझे पेलणाऱ्या तुळईचे मधले अंग डोळ्यांना दिसते आणि ते ठणठणीत असते. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाशी. तिथली माती थोडी उकरून पेचकस टोचून पाहा. बोटभर आत गेला तर टोक गेले. खांब तळखड्यावर टेकतो तिथेही तसेच पाहा. खांबावर मातीची बारीक रेघ चढलेली दिसली तर आत वाळवी आहे आणि वरचा रंग नुसती साल आहे. नुसते टोक गेले असेल तर शेजारी दुसरा खांब देऊन भागते. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात दोन्ही अंगांनी तिरके लाकूड ठोकले की चौकट डुलत नाही.

आता जमिनीखालचे. फरशी घालायला ओसरी किंवा अंगण खणले की एखादी जागा पायाखाली दणदणते आणि दगडी झाकण लागते. ते पेव असते. ज्वारी ठेवायची ही खोल खोली घरोघर होती, पुढे वापर सुटला आणि नव्या पिढीला तिची जागाही ठाऊक राहिली नाही. पेवात जुने धान्य असो वा नसो, आतली हवा विषारी झालेली असू शकते. तिला वास असेलच असे नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे आणि कंदील विझला तर धोका नक्कीच आहे, पण कंदील जळत राहिला म्हणून हवा चांगली असेही समजू नका. गुप्तधनाच्या आशेने तर मुळीच उतरू नका. आत माणूसच घालू नये. झाकण काढून पोरांना आणि जनावरांना दूर ठेवा आणि वरूनच मुरूम टाकून, पाणी मारून, लांब बांबूने धुमसत पेव भरून घ्या. चुकून कोणी आत पडलाच तर त्याच्या मागे उडी घेऊ नका. दुसराही तिथेच राहतो. वरून दोर सोडा आणि मदत बोलवा.

भिंतीतल्या बळदाचेही ध्यानात ठेवा. धान्य साठवण्यासाठी भिंतीत ठेवलेली ही पोकळी पुढे कोणी तोंड बुजवून सपाट केलेली असते. बरोबर त्याच जागी नव्या तुळईचा भार आला तर भिंत बसेल.

एक गोष्ट गवंडी सांगत नाही. वाटण्या झालेल्या घरात मधली भिंत सामाईक असते आणि भावाच्या तुळयांची टोके तिच्यात रुतलेली असतात. आपल्या बाजूने भिंत पोखरली तर माळवद त्याचे पडेल. बोलणे बंद असले तरी या कामासाठी त्याच्या दारात जा, त्याला सोबत घेऊन भिंत पाहा, आणि त्याच्या बाजूलाही टेकू लावल्याशिवाय दगड हलवू नका.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा मोह आवरा. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि दोन-चार पावसाळ्यांनी गिलावा ढलपीसकट सुटतो. जुन्या भिंतीवर स्लॅब तर नकोच. स्लॅब हवा असेल तर त्याला त्याचे खांब आणि त्याचा पाया हवा, आणि त्यासाठी गवंड्याच्या अंदाजावर न विसंबता इंजिनिअरला दोन पैसे द्यावेत. भिंतीत पुरलेली विजेची जुनी वायर असेल तर खणण्याआधी मेन स्विच बंद करा.

पैशाचे म्हणाल तर गवंड्याने सांगितलेल्या शंभरावर पंचवीस बाजूला ठेवा आणि ते फरशी-रंगात घालू नका. आधी वरची माती उतरवायची, मग लाकूड, मग भिंत, शेवटी जमीन. लोक नेमके उलटे करतात. माती दोन्ही अंगांनी सारखी उतरवावी, एका कडेला ढीग करू नये. आणि हे सारे मृगाच्या आत आटोपले पाहिजे.

उतरवलेली माती भिंतीच्या कडेला टाकून ठेवू नका. पहिल्या पावसात ती पाणी धरून पायातच सोडते. त्याच दिवशी गाडी भरून शेतावर न्या. गावठाणची पांढरी माती रानाला मानवते, पण पसरण्याआधी त्यातल्या काचा आणि खिळे वेचून घ्या.