सावित्रीच्या खाडीवरील हिवाळी पाहुणे

पाचाडच्या माणसाला बर्फ ठाऊक आहे तो गोळ्यातला. रायगडाच्या पायथ्याचे ओढे माघातही गोठत नाहीत. तरीही दर हिवाळ्यात गोठलेल्या मुलखांतून काही पाहुणे आपल्या दारी येतात. पाऊस ओसरला की ओढ्यातील दगडावर शेपटी वरखाली हलविणारा करडा धोबी दिसू लागतो, तो त्यांपैकीच एक. असे प्रवासी थव्यांनी पाहावयाचे असतील, तर बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये सावित्री समुद्राला मिळते, त्या बाजूस ओहोटीच्या वेळी जावे.

हे पक्षी थंडीला भिऊन येतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पिसांचे पांघरूण पुष्कळ थंडी सोसते. खरी अडचण पोटाची. सायबेरियाचा किनारा गोठला, की चिखल दगडासारखा होतो आणि त्यातील किडे, शिंपले चोचीला मिळेनासे होतात. कोठारच बंद झाले, म्हणजे घर सोडावे लागते. दोन-अडीच तोळ्यांचा छोटा टिलवा हजारो मैल उडतो तो यासाठी.

एकाच चिखलावर इतके पक्षी भांडणाशिवाय कसे जगतात? उत्तर चोचीत आहे. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे टिपतो. लांब, वाकड्या चोचीचा कुरल खोलवरचे उपसतो. लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून येणारा तपकिरी डोक्याचा कुरव नवख्याला चकवितो, कारण हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते. डोळ्यामागचा काळपट ठिपका पाहावा. परतीचे दिवस जवळ आले, की डोके पुन्हा तपकिरी होऊ लागते.

२०२१ च्या महापुरानंतर गाळ हा शब्द महाडकरांना नकोसा झाला, हे स्वाभाविक आहे. शहरापाशी पात्र मोकळे राहिलेच पाहिजे. परंतु पात्रातील गाळ काढणे वेगळे आणि खाडीकाठची कांदळवने तोडून चिखलवटीवर भराव टाकणे वेगळे. पहिल्याने माणसाची सोय होते. दुसऱ्याने मासळीची पैदास आणि पाहुण्यांचे ताट, दोन्ही जातात.

याच जिल्ह्यात किहीम येथे १९३० साली डॉ. सालिम अली यांनी सुगरणीचे बारकाईने निरीक्षण केले. आरंभी साधने थोडीच लागतात: दुर्बीण, वही आणि चिकाटी. वसंतात आपण व्याख्यानाला जमतो, तोवर बहुतेक पाहुणे परतीला लागलेले असतात. पुढच्या आश्विनात पहिला धोबी कोणत्या तारखेस दिसला, एवढे जरी प्रत्येकाने टिपून ठेवले, तरी दहा वर्षांत गावाजवळ स्वतःचे असे ज्ञान साठेल.